तापवणीचं पाणी

तिसरी बाटलीपण काळी झाली.

खिडकीच्या फळीवरून उचलून मी ती उजेडात धरली, हलवून बघितली. हलवून काय होणार होतं? आत कोळसा कालवल्यासारखं पाणी होतं. झाकण न उघडता मी ती कागदात गुंडाळली आणि भाविकाचा हात पोचणार नाही अशा बेतानं वाशाला टांगली. मग मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. दुसऱ्यांदा धुवायला घेतले तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हंड्याकडे बघायला लागल्या. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात एप्रिल लागला, की दोनदा हात धुणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, हंड्याकडे बघतात.

"परत काली?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मंग सोड आता तो नाद."

सोड म्हणणं सोपं होतं. शिमग्याच्या आसपास भाविका आजारी पडली तेव्हा पेणच्या दवाखान्यात तिच्या हाताला शीर सापडत नव्हती. नर्सनं शेवटी पायाला सुई लावली. चार वर्षांची पोर, तिच्या डोळ्यांत रडायलासुद्धा पाणी उरलं नव्हतं. काय खाते, कुठे खेळते, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. घरामागे सासूबाईंचा मळा आहे. माठ, मुळा, काकडी असं लावलेलं असतं. मोरीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी आणि संडासच्या टाकीतून वर येणारं, असं सगळं एकाच पाटानं त्या मळ्यात जातं. भाविका त्या चिखलात बसते आणि वेलावरची काकडी तोडून तशीच खाते. डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. म्हणाले, परत असं झालं तर तुम्ही गाडी शोधेपर्यंत ही सुकून जाईल.

घरी आल्यावर मी म्हटलं, मळ्याला हे पाणी नको. मग कुठलं, असं सासूबाईंनी विचारलं. नळाला पाणी आलं तर यायचं, टँकर आला तर प्यायला पुरायचं. विहीर मचूळ. भात निघाल्यावर पावसापर्यंत आमच्याकडे जे काही हिरवं दिसतं ते सांडपाण्यावरचंच. मी रोह्याची, आमच्याकडे उन्हाळ्यातही कालव्याला पाणी असतं. इथे येईपर्यंत पाणी ही राखायची वस्तू असते हे मला ठाऊक नव्हतं. आणि मळा तर सासूबाईंचा जीव. घरात दुसरं काही त्यांच्या नावाचं नाही. सकाळी पाटी भरून त्या जोह्याला गणपतीच्या कारखान्यांच्या दारात जाऊन बसतात आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी करून, चार बायकांच्या बातम्या भरून परत येतात.

"मिथुन याच पान्यावर मोठा झाला," त्या म्हणाल्या.

मिथुन म्हणजे माझा नवरा. त्याच्या आधीचे दोघे याच पाण्यावर होते, ते मोठे झालेच नाहीत.  त्यांनाही ते आठवलं असावं, कारण त्या मुळ्याची जुडी बांधायच्या थांबल्या आणि मग बराच वेळ बांधलेलीच जुडी सोडून परत बांधत बसल्या.

मी पेणच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. शेवटच्या वर्षाला आमच्या गटानं उन्हात ठेवलेल्या पाण्यातल्या जंतूंचं काय होतं याचा अभ्यास केला होता. तेव्हा मार्कांसाठी केला. आता तोच बाहेर काढला. नियम साधे होते. पाणी आधी वाळूकोळशातून गाळून निवळ करायचं, इतकं की पेल्यातल्या पाण्यातून पलीकडचं अक्षर वाचता यावं. मग ते प्लास्टिकच्या काळ्या कागदावर वीतभरसुद्धा नाही असं पातळ पसरायचं, वर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं आणि दोन दिवस कडक ऊन खाऊ द्यायचं. तापानं आणि उन्हानं मिळून आतले जंतू मरतात. मधे काहीही घालायचं नाही, काढायचं नाही. तिसऱ्या दिवशी मळ्याला सोडायचं. पिण्यासाठी नाहीच, फक्त मळ्याला, म्हणजे चिखलात बसलेली पोर निदान त्या चिखलानं मरणार नाही.

काडीनं अंगणात आकृती काढून मी हे सांगत होते तेव्हा सासरे, म्हणजे शिवाबाबा, उकिडवे बसून बघत होते. एरवी ते माझ्याशी फारसं बोलत नाहीत. मिठागराचा बांध फुटून खाडी आत आली तेव्हापासून त्यांना काम नाही आणि बोलण्याचंही काही नाही. फक्त भाविकाशी बोलतात. ती त्यांच्या खांद्यावर बसून त्यांचे कान धरते आणि दोघं खाडीपर्यंत जाऊन येतात, तेवढाच त्यांचा दिवस.

त्यांनी माझी काडी घेतली. "ही तं तापवनी हाय," ते म्हणाले.

मिठागरात खाडीचं पाणी आधी तापवणीत घेतात, तिथे ते उन्हानं जड झालं की मिठाच्या कुंडात सोडतात. त्यांनी माझ्या आकृतीला दोन रेघा जोडल्या आणि दुसऱ्या दिवशी खणायला लागले. कमरेवर हात ठेवून, एका रांगेत, टाचेला टाच लावून त्यांनी चिकणमाती तुडवली. आठवडाभर तुडवली. सासूबाई म्हणाल्या, ह्यांच्या पायाला एवढा जोर हाय हे मला आज समजला. मिथुनला कंपनीत दिवसपाळी लागली त्या आठवड्यात त्यानं काळा कागद आणि प्लास्टिक आणून अंथरलं. दोन कुंडं झाली. एक भरायचं तेव्हा दुसरं तापायचं. पाटात वाळूकोळशाचा थर घातला; कुंड भरलं, की पाटाकडच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा लावून पाणी बंद करायचं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, बोळा बसला की दोन दिवस याला कुणी हात लावायचा नाही. बाबा "व्हय" म्हणाले. सगळ्यांत आधी तेच म्हणाले.

आणि तरी बाटली काळी.

बाटल्या गावच्या आशासेविका प्रतिक्षाकडून आणलेल्या. आत औषध असतं, पाणी भरून उबेला ठेवायचं, पोटात रोग करणारे जंतू असतील तर पाणी काळं पडतं. त्या पिण्याच्या पाण्यासाठी असतात. पहिली देताना तिनं विचारलं नाही. दुसरी देताना विचारलं, आणि मी खरं सांगितल्यावर म्हणाली, वहिनी, गटाराचं पाणी काळं होणार हे सांगायला बाटली कशाला पाहिजे? तिसरी दिली तेव्हा ती दुसरीकडे बघत होती.

पाड्यात तर करमणूकच झाली होती. शेजारची मालू येता जाता कुडावरून डोकावायची. "काय गो सुरभे, आज काय शिजायला घातलंस?" तिच्या घरी पाहुणे आले की ती त्यांना आमची कुंडं दाखवायला आणायची. एकदा तिचा भाऊ प्लास्टिकवर बोट टेकवून म्हणाला, "झाकान ठेवून शिजवता? वास तं जात नाय." सगळे हसले. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मी आत येऊन भाविकाची नखं कापत बसले. आदल्या दिवशीच कापली होती.

मी काय काय तपासलं नाही? कागदाला चीर गेली का बघितलं. प्लास्टिकवरची धूळ रोज सकाळी फडक्यानं पुसली. कुंडात काडी उभी करून खोली मोजली. दुपारी बाबांचा जुना पंचा पाण्यात बुडवून बघितला, पिळताना हात भाजला. एवढं तापतं, तर मरत का नाही? फोनवर मिथुनला सांगितलं. त्याची रात्रपाळी होऊन तो कंपनीजवळच्या खोलीवर झोपला होता. म्हणाला, अगं, परत एकदा करून बघ. परत एकदा करून बघ हे तो कुकरची शिटी होत नाही तेव्हाही म्हणतो.

"ही बाटली काळी झाली," मी म्हटलं, "आता अजून एक. तीपण काळी झाली तर मी भाविकाला घेऊन रोह्याला जाते. पाऊस लागेपर्यंत."

हे मी ओटीवर उभी राहून बोलत होते. बाबा खाली पायरीवर भाविकाच्या केसांतून गवताच्या काड्या काढत होते. त्यांचा हात थांबला. वर बघितलं नाही.

सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं, की लोक बोलतील. सून पोर घेऊन माहेरी बसली, सासरचं पाणी झेपलं नाही. मी म्हटलं, बोलू दे. त्या म्हणाल्या, तुला काय, तू रोह्याला असशील, बोलणं इथे मला ऐकायचं आहे.

दुसऱ्या दिवशी मी राखण करायची ठरवली. उन्हाळ्यात माझ्याकडे जोह्याहून छोट्या मूर्ती येतात, मुकुटाला खडे चिकटवायचं काम. मी ते मागच्या खिडकीशी मांडलं. हात मुकुटावर, डोळे कुंडावर. सकाळी मालूची कोंबडी प्लास्टिकवर चढली, तिला हाकललं. भाविका बांधावरून उड्या मारत होती, तिला घरात ओढलं. मग ऊन चढलं. पत्रा तडतडायला लागला. गोंद नळीतून पाण्यासारखा यायला लागला आणि खडे मुकुटावरून घसरून गणपतीच्या डोळ्यांवर यायला लागले. सासूबाई भाविकाला कुशीत घेऊन फरशीवर आडव्या झाल्या. पाड्यात एक माणूस दिसत नव्हता.

तेव्हा बाबा बाहेर आले. डोक्याला ओला पंचा, पायांत काही नाही. त्यांची चाल बदलली होती, हे मला आधी जाणवलं. घरात ते पाय ओढत चालतात. आता ते बांधावरून असे चालले जसं कुणीतरी त्यांच्यावर नजर ठेवून आहे. तापणाऱ्या कुंडाशी आले. वाकून कड बघितली. पाणी बोटभर उतरलं होतं, काळ्या कागदाची कड कोरडी पडली होती. त्यांनी जिभेनं च्च केलं. मग खाली बसून कुंडाच्या तोंडाचा बोळा उपसला.

पाटातलं पाणी कुंडात शिरलं. सकाळचं, मोरीचं, संडासच्या टाकीवरचं, ताजं. कड भिजेपर्यंत त्यांनी येऊ दिलं. मग बोळा परत बसवला, अंगठ्यानं दाबला, सरकलेलं प्लास्टिक ताणलं, त्यावरचे दगड होते तिथे ठेवले. एक दगड थोडा चुकला होता, तो उचलून नीट ठेवला.

मी अनवाणीच बाहेर गेले. जमीन तव्यासारखी होती, पण मला ते नंतर कळलं.

"बाबा, हे काय केलंत?"

ते दचकले नाहीत. "पानी उतारला होता. कड उघडी पडली."

"रोज करता?"

"रोज करावा लागतं गो. उनाला धरबंध हाय का?"

"मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून."

"मी हात कुठं लावला? बोला काढला नि लावला."

मला रडावं का ओरडावं कळेना. इतके दिवस, रोज दुपारी. मी सकाळी धूळ पुसायची, काडीनं खोली मोजायची आणि दर वेळी खोली बरोबर भरायची, म्हणून मी स्वतःवर खूश व्हायची. खोली बरोबर का भरते, याचा विचार मी केला नव्हता. दोन दिवस तापून जेवढं मरायचं तेवढं मरत होतं, आणि शेवटच्या दुपारीसुद्धा वरून ताजं येत होतं.

"कड उघडी पडू दे, बाबा. अर्धं आटलं तरी चालेल."

"कशी पडू दे? तापवनी सुकी पडली का भेगा जातात, कामच बसला मंग." ते मला समजावायला लागले, शांतपणे, भाविकाला समजावतात तसे. जुन्या पाण्यात नवं थोडं थोडं घालत राहायचं. जुनं नव्याला धरतं. नवं जुन्यात मुरतं. त्याला एकटं ठेवलं तर ते मरतं.

"मरायलाच ठेवलंय ते," मी म्हटलं. "मिठात जुनं नव्याला धरत असेल. इथे नवं जुन्याला नासवतं. तुम्ही रोज त्यात जिवंत जंतू घालताय. तुमची नात जे खाऊन मरायला टेकली होती ते."

ते बोळ्याकडे बघत राहिले. एवढं पुरे होतं. पण माझे पाय भाजत होते आणि तीन बाटल्या माझ्या डोक्यात होत्या.

"हे मिठागर नाही, बाबा. मिठागर गेलं. ही आपली घाण आहे, हिची राखण करायची नसते."

कुडापलीकडे मालू कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिनं कुडावर टेकलेला हात काढला आणि ती मान खाली घालून घरात गेली. बाबा उठले. हात पंच्याला पुसले आणि घराला वळसा घालून पुढच्या अंगणात गेले. जाताना ते पाय ओढत होते.

संध्याकाळी सासूबाईंनी मला सांगितलं. वाल सोलत होत्या, माझ्याकडे न बघता, जणू वालांनाच सांगत होत्या. लग्नाच्या आधीची गोष्ट. बाबा नवे होते, भरदुपारी डोळा लागला आणि त्यांच्याकडची तापवणी सुकली. मुकादमानं त्यांना त्या सुक्या तापवणीत उभं केलं. अनवाणी, ऊन कलेपर्यंत. सगळी माणसं फावडी घेऊन बाजूनं जात येत होती. त्यांत त्यांचा बापही होता, त्यानंही मान खाली घालून फावडं चालवलं. त्यानंतर हा माणूस उन्हाळ्याचा दुपारी झोपलेला मी बघितला नाही, त्या म्हणाल्या. मग सालांची परडी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "ही टाक कोंबड्यांना."

माफी कशी मागायची असते हे मला कळत नव्हतं. मी रात्रीच्या जेवणात त्यांना सुक्या बोंबलाची चटणी जास्त वाढली. त्यांनी ती ताटाच्या कडेला सारली आणि भाविकाला भाताचे घास भरवले.

दोन्ही कुंडं उपसून मी नव्यानं भरली. बाबा मागच्या बाजूला फिरकले नाहीत. दुपारी पुढच्या पायरीवर पाठ करून बसायचे, घाम निथळायचा, पण आत येऊन आडवे व्हायचे नाहीत. कुंडाची कड कोरडी पडली, मग चार बोटं कोरडी पडली. मी खिडकीतून बघायची आणि मलाही उगीच वाटायचं, जाऊन थोडं पाणी सोडावं.

प्रतिक्षाकडे एकच बाटली राहिली होती. पुढचा साठा पुढच्या महिन्यात, आला तर. तिनं ती दिली, पण आधी मला अंगणवाडीत सगळ्यांसमोर विचारलं, आता शेवटची ना वहिनी? तिथल्या बायका गालात हसल्या. मी हो म्हटलं.

ती बाटली काळी झाली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. फिक्या चहासारखा रंग तसाच राहिला. मी ती सासूबाईंना दाखवली. त्यांनी हात न लावता बघितली आणि म्हणाल्या, "झाला ना मंग तुज्या मनासारखा?"

झालं नव्हतं. मला वाटलं होतं, त्या दिवशी झोप लागेल. त्याच दिवशी खालच्या आळीतून निरोप आला, की मैनाच्या मुलाला उलट्या होतायत, पेणला नेलाय. मैना आमचा मुळा घेते. कुठला मुळा, कधीचा, हे मी मनात मोजायला लागले. रोह्याहून आईचा फोन आला. ती म्हणाली, तू शिकलेली, तू कशाची वाट बघतेस? मी म्हटलं, बाटली स्वच्छ आली. ती म्हणाली, एका बाटलीच्या भरवशावर पोर ठेवणार का?

मी पिशवी भरली. भाविकाचे फ्रॉक, टोपी, औषधं, मीठसाखरेची पाकिटं. जित्याच्या स्टेशनातून संध्याकाळची रोह्याची गाडी होती. रिक्षावाल्या हर्षदला सांगून ठेवलं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मळ्यात वाकून माठ खुडत होत्या, सरळ झाल्या नाहीत. "बाटली सफेत झाली तरी जाचा?"

"एकच बाटली आहे, आई. एकदा स्वच्छ आली म्हणजे रोज येईल असं नाही. दुसरी मिळाली असती तर थांबले असते."

हे मी कुंडाच्या बांधाशी उभी राहून बोलले. भाविका माझा हात धरून होती, चप्पल घातलेली. बाबा पुढच्या अंगणातून आले. कितीतरी दिवसांनी ते मागे येत होते. त्यांच्या हातात पितळेचा पेला होता. मला वाटलं, भाविकाला जाताना पाणी पाजायला आणलाय.

त्यांनी तापलेल्या कुंडावरचा एक दगड बाजूला केला, प्लास्टिकची कड उचलली, पेला बुडवला, भरला आणि पिऊन टाकला. घोट घोट नाही, एका दमात, गळ्याची घाटी वर खाली होत राहिली. मग मिशी पुसली.

"कोमट हाय," ते म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली माठाची पानं खाली पडली. "मेल्या, सांडासाचा पानी," त्या ओरडल्या.

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. हे पिण्याचं पाणी नाही, हे मळ्याचं पाणी आहे, जंतू मेले म्हणजे पाणी चांगलं होत नाही, साबण आहे, सोडा आहे, तुमच्या वयाला एक जुलाब पुरे आहे. ते ऐकून घेत होते.

"तू बोललीस ना, येकच बाटली हाय म्हनून." त्यांनी पोटावर हात ठेवला. "ही दुसरी."

"मला पण," भाविका म्हणाली आणि पेल्याकडे हात केला.

मी तिला इतक्या जोरात उचललं की ती रडायला लागली. बाबांचा चेहरा एकदम उतरला. पेला त्यांनी पाठीमागे लपवला. "तू नाय गो बाय," ते म्हणाले, "आज्यानं येडेपना केला, तू नाय करायचा."

तेवढ्यात हर्षदनं बाहेर हॉर्न वाजवला. मला निघायला हवं होतं. पण मी निघाले आणि मागे या म्हाताऱ्याला काही झालं तर? मिथुन पाळीवर, सासूबाईंना पाकीट कसं कालवायचं ते माहीत नाही, त्या पोट दुखलं की ओवा देतात. मी हर्षदला परत पाठवलं. तो म्हणाला, वहिनी, आधी सांगायचं ना, पेणचं भाडं सोडून आलो.

मग माझी खरी शिक्षा सुरू झाली. पोट कसं आहे, हे सासऱ्याला सून कसं विचारणार? मी सासूबाईंना विचारायची, त्या त्यांना विचारायच्या, ते त्यांना सांगायचे आणि त्या मला. चार हात अंतरावर तिघं बसलेले. आई, विचारा ना, परसाकडं कसं झालं? "अवो, ती इचारतं, कसा झाला?" बाबा खाडीकडे बघत म्हणायचे, "अजून नक्की समजत नाय. सांजच्याला सांगतो." मळमळतं का? "वाईच जड वाटतं." मग मी मीठसाखरेचं पाणी कालवून द्यायची. ते पेला संपवून म्हणायचे, "या पान्याला चव हाय." ताप बघायला मी भाविकाला पाठवायची, ती त्यांच्या कपाळावर हात ठेवून ओरडायची, "आई, गरम आहे." उन्हात बसलेल्या माणसाचं कपाळ, गरम नसेल तर काय. मिथुन सुट्टीला आला, त्याला सगळं सांगितलं, तो बापाकडे बघून इतका हसला की मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. मैनाचा मुलगा घरी आला. लग्नातलं शिळं श्रीखंड खाल्लं होतं म्हणे.

माझी पिशवी दाराआड भरलेलीच होती. रोज संध्याकाळी वारा खाडीवरचा नसला की जित्याकडून गाडीचा भोंगा ऐकू येतो. तो ऐकला की मी समजायची, आजचा दिवस गेला.

आणि मग एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. बाबा "सांजच्याला सांगतो" म्हणतात, आणि सांज म्हणजे भोंगा झाल्यावर. त्याआधी त्यांचं पोट रोज जड असतं. गाडी गेली की ते भाकरी मागतात.

त्या दिवशी मी भोंगा ऐकला, हात पुसले आणि मधे सासूबाईंना न घालता सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, खरं सांगा."

त्यांनी आधी सासूबाईंकडे बघितलं, मग पायाकडे. "चांगला झाला," ते म्हणाले. "सकालीच झाला."

"आणि काल?"

"कालबी. परवाबी."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी इतके दिवस त्यांच्यासाठी पाकिटं कालवली, झोपले नाही, हर्षदची बोलणी खाल्ली. खूप बोलायचं होतं मला. पण त्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्या दाराआडच्या पिशवीकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की यांना त्या पाण्याची माझ्याहून जास्त भीती वाटली असेल, आणि तरी पोर जाऊ नये म्हणून ते प्यायले.

मी एवढंच म्हटलं, की उद्या कुंड नव्यानं भरते आहे, आणि आता दोन दिवस म्हणजे दोन दिवस.

"व्हय," ते म्हणाले. हे व्हय मी आधीही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी खिडकीशी मुकुट घेऊन बसले होते. बाबा घरात आले. घामानं भिजलेले, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले. मागच्या दाराकडे गेले, तिथून परत फिरले, परत गेले. मग माझ्याशी, सरळ माझ्याशी बोलले.

"भाविला दे हिकडं. मांडीवर बसू दे माज्या, वलचनीच्या सावलीला. हात मोकले रायले का माजा काय खरा नाय."

भाविका उठून धावलीच होती. मी तिला दंडाला धरून थांबवलं, पिशवी उघडून तिची टोपी बाहेर काढली, तिच्या डोक्यावर कानापर्यंत दाबून बसवली, आणि मग सोडली.